ढगाखालचं पाणी

हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. गावाकडं कुणी विचारलं, तर "समुद्रावर काम करत होतो" एवढंच म्हणायचो. आता डोळे साथ देतायत तोवर लिहून टाकतो.

दुष्काळी मराठवाड्यातल्या आमच्या भूमच्या स्टँडवर मला सोडायला दादा आले होते. वडिलांना आम्ही दादाच म्हणायचो. विहिरी खोदण्यात त्यांचं आयुष्य गेलं. एसटी सुरू झाली तेव्हा खिडकीला धरून म्हणाले, "पान्याचं काय बी लिहायच्या आदी तिथल्या मानसाला इचार. त्याला ठावं असतंय."

मी विचारलं. ऐकलं मात्र नाही.

कोकणातल्या आमच्या कार्यालयात उपग्रहाची चित्रं यायची. गढूळ पाण्याचे पट्टे बघून किनाऱ्याचं पाणी कुठून कुठं फिरतं, ते आम्ही काढायचो. एका कारखान्याला सांडपाणी खाडीच्या तोंडाशी सोडायचं होतं. समुद्र ते दूर नेईल का, हे मला सांगायचं होतं. माझ्या सगळ्या चित्रांत पाणी बाहेर जात होतं.

खाडीवरचे बाबू तांडेल, जन्म होडीत गेलेला माणूस, चित्रं बघून हसले. "सायबानू, पावसात पाणी उलटा फिरता, परत खाडीत येता. तेव्हा तुमचो उपग्रह छत्री धरून बसता काय?"

खरंच बसायचा. पावसाळ्यातल्या चित्रांत नुसते ढग. ती मी 'निरुपयोगी' असा शेरा मारून बाजूला टाकली होती. ढगांकडं डोळे लावून वाढलेला भूमचा माणूस मी, आणि ढग आले म्हणून चार महिने वगळले! अहवालात लिहिलं, 'वर्षभर सुरक्षित'. 'वर्षभर' हा शब्द माझाच. तांडेलांचं म्हणणं एका ओळीनंही घेतलं नाही.

पहिल्याच पावसाळ्यात सांडपाणी खाडीत परतलं. चिखलातल्या तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, मेल्या. त्या वेचून विकणाऱ्या बायका रिकाम्या टोपल्या घेऊन कार्यालयाच्या पायरीवर बसल्या. मी "अभ्यास चालू आहे" म्हणालो आणि बदली मागून घेतली. चुकीपेक्षा त्या तीन शब्दांची चीड अजून जात नाही.

गेल्या वर्षी तिथं गेलो. नोकरीतल्या माझ्या संध्याकाळी ज्या पडवीत जायच्या, तिथंच तांडेल जाळं सांधत होते. पार थकलेत, पण ओळखलं. चहा दिला. खाडीचा विषय काढला नाही. विचारलं एवढंच, "सायबानू, तुमच्याकडे पाऊस पडलो काय?"

घर म्हटलं की आता मला भूमच्या आधी तीच पडवी आठवते. तांडेल, तुमचं खरं होतं, मी चुकलो, माफ करा, असं तिथं म्हणायचं होतं.

"पडला थोडा," म्हणालो. कप खाली ठेवला आणि एसटी गाठली.