तानक्काची बिडाची जाळी

तानक्का गेल्याची बातमी मला गाणगापुरात कळली. दर्शन घेऊन संगमावरून परतत होते, तोच औरादहून आलेला आमचा शेजारी समोर उभा राहिला. त्याला बोलावंच लागलं नाही. डोळे पुसून मी पहिला प्रश्न विचारला तो असा, "आणि जाळी कुणी उचलून ठेवली?" माणूस गेलं आणि ही बाई लोखंडाची चौकशी करते... त्याला नवल वाटलं असणार. तानक्काला जे जवळून ओळखत होते त्यांना वाटणार नाही.

औरादच्या बाजाराच्या तोंडाशी तिची खानावळ होती. ती माझ्या आईची मावसबहीण, पण सारा गाव तिला तानक्का म्हणे, म्हणून मीही. भरीत आणि भाकरी, एवढंच तिथं मिळायचं आणि त्यासाठी लोक लांबलांबून गाड्या जुंपून यायचे. वांगी भाजली जात ती एका बिडाच्या जाळीवर. गुलबर्ग्याकडच्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या भट्टीतली ही जाळी अण्णांनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, बैलगाडीत घालून आणली होती. तिच्यावर तेलाचा असा काळाभोर थर बसला होता की वांग्याचं सालसुद्धा चिकटत नसे. बाजार उठला की तानक्का स्वतः जाळी साफ करायची, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही.

मी तिच्याकडे आले ती नवऱ्यानं दुसरी बायको केल्यावर. वडील वारलेले, उदगीरचा भाऊ मला ठेवून घ्यायला राजी नव्हता. अण्णाही फारसे खूश नव्हते. "दसऱ्यापतुर ऱ्हाऊ दे, मग बघू," असं ते तानक्काला म्हणाले ते मी दाराआडून ऐकलं होतं. मग काय, मी कामाचा सपाटाच लावला. खंडेनवमीला आपल्याकडे घरातलं सगळं लोखंड पूजेला मांडतात. विळे झाले, कुऱ्हाडी झाल्या, कुळवाची पास झाली, आणि माझं लक्ष जाळीकडे गेलं. मी मास्तरांची मुलगी, तांब्यापितळेच्या घरात वाढलेली. घासलं की लखलखलं पाहिजे, एवढंच मला ठाऊक. तानक्का शेतावर गेलेली पाहून मी जाळी परसात ओढत नेली आणि चिंच-राख घेऊन दुपारभर घासली. पांढरी स्वच्छ निघाली! हळदकुंकू लावून, वर झेंडूचं फूल ठेवून मी शाबासकीची वाट बघत बसले.

तानक्का आली, तिनं पाहिलं आणि मटकन खाली बसली.

दसऱ्यानंतरच्या बाजारापर्यंत जाळी तांबूस गंजली होती. तानक्कानं ती पुसून-पुसून घेतली, तरी वांगी चिकटली, फाटली, भरताला लोखंडाची चव उतरली. नेहमी येणारे महसुलाचे गिरदावरसाहेब एक घास खाऊन म्हणाले, "क्या तानक्का, आज किसका हात लगा?" आणि ताट सरकवून उठले. अण्णा कडाडले, "उद्याच्या गाडीनं हिला उदगीरला धाडतो!" मी चुलीमागं तोंड लपवून रडत होते. तानक्कानं दंड धरून मला उभं केलं.

"कामून रडायलीस? पाण्यानं लोखंड आणखी गंजतंय," असं मला सांगून ती अण्णांकडे वळली. "जाळी हिनं बिघडवली, हीच नीट करंल. जाळी काळी होईस्तोवर ही कुठं जायची न्हाई."

"लई महिने लागतेत त्याला."

"व्हय. लागू द्या की."

गाडी जुंपली गेली नाही, आणि माझं शिक्षण सुरू झालं. "भांडं घासायचं असतंय गोदे, जाळी पोसायची असती," हा पहिला धडा. वांगी संपली की जाळी निखाऱ्यावरच ठेवायची, चिकटलेलं जळून जाऊ द्यायचं, मग तुराट्यांच्या कुंच्यानं खरवडायचं. तापलेल्या जाळीवर गार पाणी ओतायचं नाही, बीड तडकतं. अर्धा कांदा काडीला टोचून सगळीकडून फिरवायचा आणि शेवटी करडीच्या तेलाचा बोळा, तोही अगदी हलक्या हातानं. घाई करून मी तेल थापलं. चिकट राप बसला, पुन्हा सगळं खरवडावं लागलं. तानक्का शेजारी पान खात बसायची आणि बोटसुद्धा लावायची नाही. तेव्हा मला तिचा भारी राग यायचा.

पुढच्या पावसाळ्यात एका बाजारी वांगं अलगद सुटून आलं. जाळी काळी झाली होती. मला आनंद व्हायच्या आधी धडकीच भरली... आता मुदत संपली! अण्णा ओट्यावरच बसले होते. तानक्कानं जाळीवरून बोट फिरवलं, माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाली, "अजून कच्ची हाय."

अण्णा वारले त्याला आता बरीच वर्षं झाली. ते असेपर्यंत दर दसऱ्याला ती जाळी कच्चीच राहिली. त्यांनाही कळत असणार, न कळायला ते काही दूधखुळे नव्हते. माझ्यासाठी इतकं खोटं दुसरं कुणी बोललं नाही, आणि त्या खोट्याच्या जिवावर मी इथं ताठ मानेनं जगले.

तेरावं झाल्यावर तानक्काचा मुलगा शिवराम माझ्याजवळ येऊन बसला. चूल थंड होती, जाळी भिंतीला टेकवलेली. बराच वेळ घुटमळून त्यानं विचारलं, "गोदाक्का, आता तू उदगीरला जायलीस का?"

मी उठले. जाळीवरून बोट फिरवलं. रात्रीसारखी काळी, आरशासारखी गुळगुळीत.

"कशी जाऊ?" मी म्हणाले. "अजून कच्ची हाय."

शिवराम उठला. आत गेला आणि करडीच्या तेलाची बुधली आणून त्यानं माझ्यापुढं ठेवली.