हिद्दच्या साइटवरचे तीन पिवळे तुरे

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी बहारीनमधल्या हिद्दच्या बंदराजवळ, आमच्या कंपनीच्या साइटवर मला तीन पिवळे तुरे दिसले. वीतभर उंच, पान एकही नाही. खाऱ्या झुडपांच्या मुळांवर जगणारं हे रानफूल इतर वाळवंटांत बरंच आढळतं. या बेटांवर मात्र भराव आणि बांधकामामुळे त्याला जागा उरलेली नाही. हा तुकडा मूळ जमिनीचा होता. रविवारी त्यावर रोलर फिरणार होता.

मी साइट इंजिनिअर. फोटो वनस्पतिशास्त्राच्या एका निवृत्त बहारीनी प्राध्यापिकेला पाठवला. चार मिनिटांत त्यांचा फोन आला: गुरुवारी येते, हात लावू नका. त्यांनी लेखी दिलं तर कुंपण सरकवू, असं मॅनेजर म्हणाले. दोन दिवस मी जेवण सोडून तुरे मोजून येत होतो.

गुरुवारी एकच होता.

"दोन मी नेले," आमचे ड्रायव्हर म्हणाले. राजापूरचे, मुहर्रकला खोलीवर राहतात. "गुरुवार ना साहेब. दत्ताला पिवळं फूल. एक ठेवलंय झाडाला, सगळी काढू नयेत."

"काका, कुणाला विचारलंत?"

"रानातलं फूल कुणाला विचारायचं?"

रविवारच्या रोलरचं मी सांगितल्यावर त्यांनी गाडीची किल्ली खिशात टाकली आणि माझ्याबरोबर तिथेच थांबले.

दहाला प्राध्यापिका आल्या. "और कहाँ है?"

"मफी, मॅडम, नहीं है," काका म्हणाले आणि झुडपांभोवती वाकून फिरू लागले. एका जागी वाळूला बारीक तडे होते. "आमच्याकडे अळंबी अशीच जमीन फोडते." त्यांनी बोटाने वाळू सारली. खाली पिवळट टोक.

प्राध्यापिका गुडघ्यांवर बसल्या. "यल्ला, चलो, दूसरा दिखाओ."

दुसरं दोन हातांवर निघालं, तिसरं टायरच्या खुणेत. मी प्रत्येकाशेजारी खुंटी ठोकत गेलो. खुंट्या संपल्यावर खिशातली पेनं रोवली. सतरा कोंब झाले.

दोन तुरे तोडल्याचं मी सांगितल्यावर प्राध्यापिकांनी ते नमुना म्हणून मागितले.

"आज नाही मिळायचे," काका मला म्हणाले. "उद्या निर्माल्य झालं की देतो. सांगा त्यांना."

मी सांगितलं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

दुपारी एकला त्यांचं पत्र मॅनेजरच्या टेबलावर होतं: या बेटावर दुर्मीळ; एक तुरा, सतरा कोंब. रविवारी कुंपण बारा मीटर सरकलं आणि रोलर दुसऱ्या टोकाकडून सुरू झाला. सोमवारी सकाळी कुंपणापलीकडे चार तुरे फुललेले होते.