बारकीची हत्यारं

घरात तिला सगळे बारकी म्हणत. दोन बहिणींतली धाकटी, म्हणून ते नाव पडलं. पुढे ती चांगली आडव्या बांध्याची झाली, केस पांढरे झाले, नोकरीतून निवृत्त झाली, तरी नाव काही सुटलं नाही. दवाखान्यात मात्र ती प्लास्टरबाई होती. मोडलेल्या हाडाभोवती ओल्या पट्ट्या गुंडाळायच्या, वाळेपर्यंत हात धरून बसायचं आणि हाड जुळून आलं की तेच प्लास्टर कापून काढायचं, यात तिचं आयुष्य गेलं. कापायचं यंत्र गुरगुरायला लागलं की भलेभले घाबरायचे. मग बारकी ते पातं आधी स्वतःच्या तळहाताला लावून दाखवायची. पातं गोल फिरत नसे, नुसतं थरथरायचं. टणक प्लास्टर कापायचं आणि मऊ कातडीच्या वाटेला जायचं नाही. "बघा, चावत नाही," ती म्हणायची, आणि समोरचा हात पुढे करायचा.

निवृत्त झाल्यावर दोन खोल्या आणि गॅलरी असलेल्या घरात ती एकटीच राहायची. मग तिच्या मोठ्या बहिणीचं, ताईचं, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि ताई तिच्याकडे राहायला आली.

ताई शाळेची मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त होऊन घरी बसलेली. लग्न केलं नाही, कुणाकडे चार दिवस राहायला गेली नाही, कुणाचं काही घेतलं नाही. आता वॉकर धरून चालायची वेळ आली होती आणि तीही धाकटीच्या घरात. ताईने तक्रार केली नाही, पण गोड बोललीही नाही. दिवसभर खुर्चीत ताठ बसून ती भिंतीकडे अशी बघायची, जणू भिंतीनेच गृहपाठ केलेला नाही.

खरी अडचण न्हाणीघराच्या उंबऱ्याची होती. पाणी बाहेर येऊ नये म्हणून कुणीतरी तो नको इतका उंच बांधून ठेवला होता. ताईचा पाय तेवढा उचलायचा नाही. रोज सकाळी बारकीने तिला काखेत धरून पलीकडे न्यायचं, आत तिच्यासोबत थांबायचं आणि पुन्हा तसंच बाहेर आणायचं. त्या वेळात दोघींपैकी कुणीच बोलायचं नाही. ताई डोळे मिटून घ्यायची. बारकीने हजारो माणसांना असं धरलं होतं, पण त्यातल्या कुणी तिला लहानपणी पाढे म्हणायला लावले नव्हते.

उंबऱ्याच्या अलीकडे आणि पलीकडे एकेक बुटकी पायरी ठेवली तर काम भागेल, हे बारकीच्या लक्षात आलं. तिने दोन-तीन सुतारांना विचारलं. एकाने "बघतो" म्हटलं आणि बघितलंच नाही. दुसरा हसला. "बाई, एवढ्याशा कामाला कोण येणार? किचनची कपाटं करायची असतील तर सांगा."

"मग मीच करते," बारकी घरी येऊन म्हणाली.

"काय करतेस?" ताईने विचारलं.

"पायरी."

"तुला खिळा तरी मारता येतो का?"

"हाडं बसवलीत मी, ताई."

"हाडं डॉक्टर बसवतात. तू वरून गिलावा करायचीस."

बारकी उठली. पिशवी घेऊन बाजारात गेली.

हार्डवेअरच्या दुकानात मालकाने तिला लाल प्लास्टिकची पेटी उघडून दाखवली. हातोडी, करवत, पटाश्या, पकड, कानस, स्क्रू ड्रायव्हर, सगळं आपापल्या खाचेत चकचकत बसलेलं. "घरच्या कामाला हेच घ्या. सुटं घ्यायला गेलात तर दुप्पट जाईल," तो म्हणाला. एवढी हत्यारं, आणि किंमत एका बऱ्या चपलेच्या जोडाएवढी. बारकी हरखून घेऊन आली.

लाकडाची सोय आधीच झाली होती. दवाखान्यात नवं एक्सरेचं यंत्र आलं होतं, त्याच्या खोक्याच्या जाड फळ्या जुन्या ओळखीवर तिला मिळाल्या होत्या. गॅलरीत स्टुलावर फळी ठेवून तिने करवत चालवली. पातं दोन बोटं आत गेलं, अडकलं आणि काढायला गेल्यावर वेलीसारखं वाकलं. पटाशी घेतली, तर तिसऱ्या घावाला तिची धार कागदासारखी दुमडली. हातोडीचं डोकं दांड्यातून सुटलं आणि कुंडीत जाऊन पडलं.

खुर्चीतून ताई बघत होती. किती तरी दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "खेळणी आणलीस की गं," ती म्हणाली.

बारकी तशीच पेटी उचलून दुकानात गेली. मालकाने दुमडलेली पटाशी उलटसुलट करून बघितली. "वापरलेला माल आहे, बाई. परत कसा घेणार?"

"वापरल्याशिवाय कळणार कसं?"

"मोठ्या कामाला नसतंच ते."

"मोठं? पायरी करतेय मी, राजवाडा नाही."

तो मान हलवत दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे वळला. बारकीचा चेहरा उतरला. पैशापेक्षा आपण फसलो याचं तिला जास्त लागलं. इतक्या वर्षांत दवाखान्यात नव्या कात्र्यांची खोकी येताना तिने पाहिली होती. महिनाभरात त्या पट्ट्या कापायच्या ऐवजी चुरगळायला लागायच्या आणि मग सगळे ड्रॉवरमधली ती जुनी, जड, काळपटलेली कात्री शोधायचे, जिचं पातं वर्षानुवर्षं धार लावून लावून निम्मं झालं होतं. हे माहीत असून ती चकचकाटाला भुलली होती.

म्हणून रविवारी ती जुन्या बाजाराच्या गल्लीत गेली. तिथे फुटपाथवर ताडपत्री पसरून एक म्हातारा नळ, कड्या, बिजागऱ्या, सायकलची चाकं असं काय काय विकायचा. एका बाजूला गंजलेल्या हत्यारांचा ढीग होता. बारकी खाली बसली. लाल पेटीतून तिने एकच वस्तू सोबत आणली होती, ती म्हणजे कानस. त्या सगळ्या पेटीत तेवढी एकच कामाची निघाली होती. दवाखान्यात कात्र्यांना धार लावायला येणारा माणूस नवी कात्री हातात घेतली की पात्याच्या कडेवर हळूच कानस ओढायचा. कानस रुतली तर लोखंड मऊ, घसरली तर पोलाद चांगलं. एवढं बारकीने बघून ठेवलं होतं.

ती एकेक पटाशी उचलून कानस लावायला लागली.

"माल खराब करू नका, बाई," म्हातारा ओरडला.

"गंजापेक्षा जास्त खराब काय करणार मी?"

तिसरी पटाशी जड होती. तिच्यावर कानस काचेवरून जावी तशी सरकली. ती बाजूला निघाली. मग करवत. बारकीने ती डोळ्यासमोर आडवी धरून एका डोळ्याने पातं सरळ आहे का बघितलं. म्हातारा म्हणाला, "करवत आहे ती. दुर्बीण तिकडे ठेवलीय." बारकीला हसू आलं, पण करवत तिने खाली ठेवली नाही. एक लाकडी रंधा, काटकोन बघायला एक गुण्या आणि मधे खोलगट झालेला धारेचा दगड, एवढं तिने निवडलं. म्हाताऱ्याने सांगितलेला आकडा ऐकून ती उठून चालायला लागली. त्याने हाक मारली. ती परत आली. दोघांनाही आपण जिंकलो असं वाटेल अशा ठिकाणी सौदा पटला.

घरी आल्यावर तिने सगळं वर्तमानपत्रावर मांडलं. ताईने चष्मा लावला. "हे काय उत्खननात सापडलं?"

"गंज काढला की बघ."

दोन दिवस बारकीने गंज घासला. पण रंधा चालेना. फळीवर फिरवला की नुसती पिठासारखी भुकटी पडायची आणि पातं कचाकच उड्या मारायचं. बारकी घामाघूम झाली. जोर लावला, फळी उलटी फिरवली, पातं खाली-वर केलं. शेवटी रंधा आपटायचाच बाकी राहिला.

"पातं उलटं घालून बघ," ताई खुर्चीतून म्हणाली.

"विकणाऱ्याने असंच घातलं होतं."

"तो सायकली विकतो म्हणालीस ना? घाल उलटं. बिघडेल म्हणशील, तर आत्ता कुठे मोठं चाललंय?"

बारकीने पाचर काढली, पातं फिरवून बसवलं आणि रंधा पुढे ढकलला. सर्र असा आवाज झाला. लाकडाची पातळ साल वेटोळी होत वर आली आणि तिच्या मनगटावर पडली. दोघी तिच्याकडे बघत राहिल्या. ताईने हात पुढे केला. बारकीने ते वेटोळं तिच्या तळहातावर ठेवलं. ताईने ते उजेडात धरलं, हुंगलं आणि बराच वेळ हातातच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी बारकी भाजी घेऊन आली, तर ताईच्या मांडीवर जुना टॉवेल, त्यावर दगड, शेजारी पाण्याची वाटी. ताई पटाशीला धार लावत होती. पाठ ताठ, ओठ घट्ट मिटलेले, चष्मा नाकाच्या टोकावर. वह्या तपासताना ती अशीच बसायची.

"तुला कुणी सांगितलं?" बारकीने विचारलं.

"तू घिसाडघाई करतेस. धारेला तिरका कोन असतो, तो दरवेळी बदलत होतीस. मी बघत होते."

"दुखेल तुला."

"हात दुखत नाहीत माझे. पाय दुखतो. धारेला पाय लागत नाही."

तेव्हापासून धार ताईकडे गेली आणि घरातलं बोलणंही वाढलं. बारकीने फळी उलट्या बाजूने रंधली की ताई लगेच टोकायची, "रेषा बघ, रेषा." प्लास्टरला रेषा नसते. ते कुठूनही कापा, सारखंच. लाकूड मात्र एका बाजूने मऊ लागायचं आणि दुसऱ्या बाजूने केस ओढल्यासारखं खसकन उपटून यायचं. आयुष्यभर ज्याला काही मत नाही अशा वस्तूबरोबर काम केलं, आता मत असलेली वस्तू हातात आली, असं बारकीला वाटलं. ताईला बघून ती मनाशीच हसली.

मग एक दिवस पटाशी निसटली. फळी डाव्या हाताने पुढून धरायची तिची सवय होती. जिथे पातं चावत नाही अशा कामाची ती सवय. अंगठ्यातून भळाभळा रक्त आलं. ताई वॉकरशिवाय उठून उभी राहिली. भिंतीला हात लावत गॅलरीच्या दारापर्यंत आली आणि तिथे तिचा चेहरा पांढरा पडला.

"मी लावलेली धार," ती म्हणाली. "मीच लावलेली."

"चांगली लावलीस, म्हणून सरळ कापलं. बोथट असती तर फाटलं असतं," बारकी अंगठा दाबून धरत म्हणाली. "खाली बस आधी. तू पडलीस तर दोघींना कोण बघणार?"

ताई बसली. बारकीने एका हाताने पट्टी बांधायला घेतली, तर ताईने तिच्या हातातून ती ओढून घेतली आणि स्वतः बांधली. वाकडीतिकडी, सैल. दवाखान्यात कुणी अशी बांधली असती, तर बारकीने उभ्या उभ्या सोडायला लावली असती. तिने ती संध्याकाळपर्यंत तशीच ठेवली.

त्यानंतर फळी दोरीने स्टुलाला बांधायची आणि दोन्ही हात धारेच्या मागे ठेवायचे, हा ताईचा नियम झाला. पायऱ्या झाल्या त्या काही देखण्या नव्हत्या. एक डुगडुगायची. ज्या बाजूने उंच वाटे तिकडून घासावं, तर दुसरी बाजू उंच व्हायची. "असंच चालू ठेव, उद्या बसायचा पाट होईल," ताई म्हणाली. शेवटी बारकीने काठ्यांना लावायच्या जुन्या रबरी टोप्या कापून खाली ठोकल्या आणि डुगडुग थांबली.

पहिल्या दिवशी बारकी शेजारी उभी राहिली. ताईने दाराच्या चौकटीला धरलं, एक पाय पायरीवर ठेवला, मग दुसरा, उंबरा ओलांडला, पलीकडच्या पायरीवर उतरली. वळून म्हणाली, "तू जा आता." आणि दार लावून घेतलं.

बारकी बंद दारासमोर उभी राहिली. आत पाणी पडत होतं. ताई साबण पडला म्हणून स्वतःवरच चिडली, मग काहीतरी गुणगुणली. बारकीला खूप हलकं वाटलं, आणि त्याच वेळी हाताला काही काम नाही असंही वाटलं. दोन्ही एकदमच आलं.

महिन्याभराने चहा पिताना ताई म्हणाली, "मी आता माझ्या घरी जाईन म्हणते."

बारकीचा कप तसाच हातात राहिला. "इथे काय कमी पडलं?"

"कमी काही पडलं नाही. म्हणूनच म्हणते. अजून थोडे दिवस राहिले, तर जाववणार नाही."

असं ताई आयुष्यात कधी बोलली नव्हती. बारकीने कप धुवायला नेला, बराच वेळ धूत राहिली आणि तिथूनच विचारलं, "तुझ्याकडच्या उंबऱ्याची उंची किती आहे?"

ताईच्या पायऱ्या पहिल्यापेक्षा चांगल्या झाल्या. कोपरे गुण्यात बसले, वरची फळी हात फिरवावा अशी झाली. ताई गेली त्या दिवशी बारकीने टॅक्सीत सामान चढवलं, पायऱ्या मागच्या सीटवर ठेवल्या. ताई खिडकीतून म्हणाली, "अंगठा सांभाळ." एवढंच.

घर पुन्हा एकटीचं झालं. पहिला आठवडा बारकीने गॅलरीचं दार उघडलंच नाही. मग रविवारी, करायला काही नव्हतं म्हणून, ती जुन्या बाजाराच्या गल्लीत गेली. म्हाताऱ्याने तिला ओळखलं. "आता काय हवंय?"

"काही नाही. बघतेय."

ताडपत्रीच्या कडेला एक गिरमिट पडलं होतं, हाताने फिरवून लाकडाला भोक पाडायचं. मूठ कुणाच्या तरी हाताने घासून गुळगुळीत झालेली. तिने ते फिरवून बघितलं. कुरकुर न करता फिरलं. तिला कशालाच भोक पाडायचं नव्हतं. तिने ते घेतलं.

घरी येऊन तिने ताईला फोन लावला.

"गिरमिट घेतलं," ती म्हणाली.

"कशाला?"

"अजून ठरवलं नाही."

पलीकडे ताईने खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. "माझ्या खिडकीखाली पुस्तकं जमिनीवर पडलीत," मग ती म्हणाली. "मला वाकता येत नाही."

"किती पुस्तकं?"

"तूच येऊन बघ," ताई म्हणाली. "आणि येताना ते घेऊन ये. त्याला धार कुठून लावतात, मला बघायचंय."