ताईंचे पाव आणि ताईंची प्रकरणं

पाव ओव्हनमधून निघाला की ताई तो फडक्यात धरून पालथा करायच्या, बोटांच्या पेरांनी बुडावर टकटक करायच्या आणि कान लावायच्या. आवाज पोकळ आला तर पाव झाला. नाहीतर "अजून आतून ओला आहे," म्हणून परत आत. नातवंडांनो, तुम्ही दोघं त्यांच्याकडून आलात की दारांवर, कपाटांवर टकटक करून कान लावायचात, एकदा तर झोपलेल्या आजोबांच्या कपाळावरही. आठवत असेल.

इथे आयर्लंडमध्ये, ल्यूकनला, आपल्यापासून चौथ्या घरात त्या राहायच्या. नागपूरहून मुलाकडे आलेल्या. तिकडे त्यांचे दोन कथासंग्रह निघाले होते, इथे त्या फक्त कोणाच्या तरी आई होत्या. मी त्यांना ताई म्हणायचे, त्या मला वहिनी. सात वर्षांत आमचं अहो-जाहो काही सुटलं नाही.

मुलगा सकाळी सातला गाडी काढायचा, तो अंधार पडल्यावर परतायचा. मधल्या वेळात ताई कादंबरी लिहायच्या, तीही स्वयंपाकघरातल्या टेबलावर, कारण घरातली ऊब तिथेच असायची. त्यांची पद्धत ठरलेली होती. ताक घालून भिजवलेला गव्हाचा पाव भाजायला पाऊण तास लागतो. तेवढ्या वेळात एक पान झालं पाहिजे. "आज दोन पाव झाले," म्हणजे दोन पानं झाली. घरात माणसं दोन, त्यामुळे कादंबरी जोरात असली की सगळ्या गल्लीत पाव वाटले जायचे. समोरच्या आयरिश बाईंना मराठीचं अक्षर कळत नव्हतं, पण आठवडाभर पाव आला नाही की त्या मला विचारायच्या, "काय, अडली वाटतं ती?"

आपला एक कथासंग्रह ताईंनी इथल्या लायब्ररीला भेट दिला होता. पोलिश आणि रोमानियन पुस्तकांच्या मध्ये तो उभा असायचा. तो कोणी नेला का, हे बघायला त्या दर महिन्याला जायच्या. कोणी नेलेला नसला तर स्वतःच घरी आणायच्या आणि पंधरा दिवसांनी परत करायच्या. "नाहीतर काढून टाकतील हो वहिनी," असं त्या मला अगदी गंभीरपणे सांगायच्या.

कादंबरीची नऊ-दहा प्रकरणं झाल्यावर त्यांनी मला विचारलं, वाचाल का. दर मंगळवारी पावाबरोबर एक प्रकरण यायचं, हाताने लिहिलेलं, तपकिरी फोल्डरमध्ये. पुढच्या मंगळवारी त्या चहाला बसायच्या आणि म्हणायच्या, "खरं सांगा हं." ते ऐकायला त्यांना दुसरं माणूस नव्हतं. मुलगा दमून यायचा, आणि आईचं लिखाण त्याला वाचवत नसे.

आता तुम्हाला एक कबुली देते. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. मराठी बोलते, यादी लिहिते, पण कोणाच्या हस्ताक्षरातली तीस पानं वाचायची म्हणजे मला डोंगर चढल्यासारखं होतं. तुम्ही मराठी ऐकून समजता आणि उत्तर इंग्रजीत देता, तेव्हा मला हसू नका. पहिली चार प्रकरणं मी नेटाने वाचली. मग तुमच्या बाबांची कॅनडाची नोकरी ठरली आणि घरात खोकी आली. माझं वाचन थांबलं. फोल्डर मात्र मी नीट तारखा घालून कपाटात लावत होते. आणि दर मंगळवारी म्हणत होते, "छान जमलंय."

एका मंगळवारी चहा संपवून ताई म्हणाल्या, "वहिनी, नववं प्रकरण मी तुम्हाला दोनदा दिलं."

मी म्हटलं, चुकून आलं असेल.

"चुकूनच. पण दुसऱ्या वेळी तुम्ही म्हणालात, हे आधीच्यापेक्षा छान आहे."

त्या रागावल्या नाहीत. कप विसळून पालथा ठेवला आणि गेल्या. पुढच्या मंगळवारी पाव आला, प्रकरण आलं नाही. त्याच्या पुढच्याही. पाव येत राहिला, हेच मला जास्त लागलं.

सप्टेंबरात तुम्ही सगळे कॅनडाला गेलात. आजोबा तर त्याआधीच कायमचे गेले होते. घरात फ्रिजचा आवाज ऐकू यायला लागला. तेव्हा मी कपाट उघडलं आणि पाचव्या प्रकरणापासून, ओळीखाली बोट धरून, मोठ्याने वाचायला सुरुवात केली. शाळेतल्या एका बाईंची गोष्ट होती. घर सोडून निघालेल्या. नवव्यापर्यंत यायला मला तीन आठवडे लागले. मग छत्री घेतली आणि ताईंचं दार वाजवलं. कसं काय, बरं आहे, असलं काही बोललेच नाही.

"सहाव्यात बाईंची आई दोन ओळींत मरते. इतकी घाई कशाला?"

ताई दारातच उभ्या राहिल्या. "घाई नाही ती. त्या बाईला रडायला वेळ कुठे होता?"

"मग तसं दिसू द्या. मला वाटलं, तुम्हालाच वेळ नव्हता."

तासभर आमचं भांडण झालं. त्या मला म्हणाल्या, कॉन्व्हेंटवाल्यांना सगळं उलगडून सांगावं लागतं. आत पाव करपला, कोणी हललं नाही. निघताना त्यांनी दहावं प्रकरण माझ्या हातात ठेवलं.

तो सगळा हिवाळा आम्ही भांडलो. चार वाजता काळोख व्हायचा, आणि मला मंगळवारची घाई असायची. सहावं प्रकरण त्यांनी पुन्हा लिहिलं. "आईला मारायला सहा पाव लागले," म्हणाल्या, आणि किती खूश होत्या ते मी तुम्हाला सांगू शकत नाही.

मार्चमध्ये त्यांना न्यूमोनिया झाला. हॉस्पिटलमधून त्या परत आल्या नाहीत. महिन्याभराने मुलगा शेवटचं प्रकरण घेऊन आला. दारातच म्हणाला, "काकू, तुम्हीच ठेवा. मला नाही जमत." मग तो कामासाठी लिमरिकला राहायला गेला.

ते प्रकरण मी तीनदा वाचलं. शेवटी बाई इतक्या वर्षांनी गावी परततात आणि सगळं गाव त्यांना भेटायला दारात येतं. वाचताना डोळे भरून येतात, पण मला ते पटत नाही. ताईंनाही पटलं नसावं. त्यांना तसं हवं होतं, एवढंच.

गेल्या मंगळवारी मी ती पानं घेऊन चौथ्या घरापर्यंत गेले. काय बोलायचं ते मनात तयार होतं. फाटकाशी पोहोचल्यावर अंगणात अनोळखी सायकली दिसल्या. एक तरुण मुलगी बाहेर आली आणि मला बरं वाटतंय ना, असं तिने विचारलं. मी इथल्यासारखं 'ग्रँड', म्हणजे अगदी ठीक, म्हटलं आणि परत आले.

मग टेबलाशी बसून समासात पेन्सिलने, माझ्या बेढब मराठी अक्षरात लिहिलं: ताई, इतकी माणसं एकदम येत नाहीत. एखादी येते, तीही उशिरा.

खाली त्यांच्या उत्तरासाठी जागा सोडली आहे.