नळी वाजवून बघणारा नझीर

बाणकोटचा नझीर परकार १९५१ साली कुवेतला उतरला, तेव्हा बंदूक कशाशी खातात हेही त्याला ठाऊक नव्हतं. मुंबईच्या गोदीत तो फिटर होता. कानस आणि पॉलिश पेपर, एवढीच त्याची विद्या. पण तिथल्या बाजारातल्या, सूकमधल्या एका बंदूक दुरुस्तीच्या दुकानाला असाच हात हवा होता. तिथल्या म्हाताऱ्या इराणी उस्ताच्या, म्हणजे मुख्य कारागिराच्या हाताखाली त्याने चार वर्षं मान मोडून काम केलं, आणि उस्ता वारल्यावर तोच उस्ता झाला. मालकाला सगळे अरबाब म्हणत. अरबाबला त्याच्यावाचून चैन पडेना, आणि नझीरलाही बाणकोटात बायको खैरुन्निसा आणि तीन पोरी सोडल्या तर जगात दुसरं काही उरलं नाही.

धंदा तेजीत होता. तेल निघालं, पैसा आला, आणि पैसा आला की माणसाला पाखरं मारायची हुक्की येते. थंडीत जहराच्या पाणथळीत बदकं उतरली की व्यापाऱ्यांच्या मोटारी निघायच्या. अहमदीच्या तेल कंपनीतल्या इंग्रज साहेबांना तर खरी पाखरंही पुरत नसत. ते यंत्रातून मातीच्या ताटल्या हवेत उडवत, त्यांना कबुतरं म्हणत आणि सबंध सुट्टीचा दिवस त्यांच्यावर काडतुसं फुंकत. त्या बिचाऱ्या कबुतरांना निदान रक्त तरी नव्हतं.

या सगळ्यांचं भांडण एकाच गोष्टीवरून असायचं, ती म्हणजे चोक. बंदुकीची नळी तोंडाशी किंचित आवळलेली असते, तोच चोक. तो घट्ट असला की छरे एकजूट राहून लांब जातात, मोकळा असला की जवळच पसरतात. नझीर नळीचं तोंड आतून घासून केसाकेसाने मोकळं करायचा. मग गावाबाहेर जाऊन चुना फासलेल्या लोखंडी पत्र्यावर चाळीस पावलांवरून बार काढायचा आणि गोलात किती छरे बसले ते बघायचा. पुन्हा घास, पुन्हा चुना, पुन्हा बार. दिवसाला तीस-तीस, चाळीस-चाळीस बार. कानात कापूस घाल, असं त्याला कुणी सांगितलं नाही. सांगणाऱ्यांचे कान शाबूत होते ना!

उस्ताने शिकवलेली खरी विद्या मात्र वेगळीच होती. दुनळी दुकानाबाहेर पाठवण्याआधी तिच्या नळ्या सुट्या करायच्या, बोटाला टांगायच्या आणि बोटाच्या पेराने ठोकायच्या. पितळी वाटीसारखी खणखणीत वाजली तर नळी निर्धोक. भद्द वाजली तर दोन नळ्यांमधल्या पट्टीचा डाखाचा जोड सुटलाय, हे समजायचं. त्या फटीत खारं पाणी शिरतं, गंज चढतो आणि नळीला बाहेरून पोखरत जातो. वर तेल लावून चकचकीत केली की तो कुणाला दिसत नाही. "काही चुकव, पण हे चुकवू नकोस," उस्ता मरेपर्यंत सांगत होता.

आणि नझीरचे नेमके कानच गेले. आधी त्या खणखणाटाची शेवटची तार ऐकू येईनाशी झाली. मग मशिदीची बांग गेली. १९६० पर्यंत डावा कान पार बंद आणि उजवा नावापुरता. दुकानात कळलं असतं तर दुसऱ्याच दिवशी बोजाबिस्तरा बांधावा लागला असता. म्हणून त्याने दोन गोष्टी अंगवळणी पाडल्या. समोरच्याच्या ओठांकडे बघायचं, आणि काही कळलं नाही तरी होकारार्थी मान हलवायची. मान हलवणाऱ्याला जगात कुणी दुसरा प्रश्न विचारत नाही.

ही गोष्ट एकालाच ठाऊक होती. यूसुफ मुकादम, त्याच्याच गावचा, खोलीतला सोबती, एका व्यापारी शेठचा ड्रायव्हर. तो बोलायचा तेव्हा तोंड थेट नझीरच्या उजव्या कानाला लावायचा. "नझीर, तुज्या कानांत आता बारूदच बसलाय," तो हसून म्हणायचा. "बांग नाय ऐकू येत तर नाय. मी उठवीन तुला." आणि रमजानात पहाटे सहरीच्या जेवणाला रोज हलवून उठवायचाही. इतकं तर सख्ख्या भावानेही केलं नसतं.

नळी वाजवायची अडचण नझीरने स्वतःच सोडवली होती. मागच्या खोलीत जाऊन नळीची कड दातांत धरायची आणि ठोकायची. कानाने दिलेला दगा जबडा भरून काढी. खणखणाट हाडांतून डोक्यात चढायचा, भद्दपणाही तसाच कळायचा. तीन वर्षं त्याच्या हातून एकही धोक्याची बंदूक बाहेर गेली नाही. एवढं साधलं होतं बिचाऱ्याने.

१९६३ चा रमजान ऐन थंडीत आला. यूसुफ शेठची दुनळी घेऊन आला. उजव्या नळीचा चोक फार घट्ट होता, बदकं जवळून उठतात, तो मोकळा करून हवा होता. नझीरने केला. पत्र्यावर छरे छान पसरले. नळ्या पुसून तेल लावून झालं, तेव्हा दुपार कलतानाची असरची नमाज होऊन गेली होती. यूसुफ दारात घाई करत होता. शेठ गाडीत बसला होता.

नझीर नळ्या घेऊन मागच्या खोलीत गेला, तोंडाशी नेल्या आणि थांबला. तेलाचा वास नाकात भरला. दातांत धरलं की ते तेल जिभेवर येणार, घशात उतरणार, रोजा तुटणार. सातव्या वर्षापासून त्याने एकही रोजा सोडला नव्हता. एरवीच्या रमजानात तो हे काम इफ्तारनंतर करायचा. आज तेवढा वेळ नव्हता, आणि शेठला थांबवायचं तर कारण सांगावं लागलं असतं. त्याने नळ्या बोटाला टांगल्या, पेराने ठोकल्या. काही ऐकू आलं नाही. रोजच येत नव्हतं. यूसुफचे ओठ हलले, "बरोबर हाय?" नझीरने मान हलवली.

दुरुस्तीहून आलेल्या बंदुकीचा पहिला बार शेठ स्वतः कधी काढत नसे. तो मान ड्रायव्हरचा. शुक्रवारी पहाटे जहराच्या चिखलात उभं राहून यूसुफने नझीरच्या पत्र्यावरच्या बारापेक्षा भारी, बदकांचं काडतूस भरलं आणि चाप ओढला. नळी डाव्या हाताखालीच फाटली. अंगठा आणि दोन बोटं तिथेच गेली.

शेठच्या पिशवीत मुलाच्या छोट्या बंदुकीची वीस बोअरची काडतुसंही होती. ते बारीक काडतूस चुकून बारा बोअरच्या मोठ्या नळीत टाकलं तर आत सरकून अडकतं, आणि मागून दुसरं भरून बार काढला की नळी फुटते. शिकाऱ्यांना ही चूक पाठ असते. शेठने तेच ठरवलं. अरबाबने फाटकी नळी नझीरपुढे ठेवली. नझीरने पट्टी उचकटली. खाली लालभडक गंज होता आणि नळीची भिंत कागदासारखी पातळ झाली होती. अरबाबचे ओठ त्याला स्वच्छ वाचता आले. "ड्रायव्हरने वीसचं काडतूस घातलं, हो ना?"

नझीरने मान हलवली. या एका गोष्टीसाठी त्याने स्वतःला कधी माफ केलं नाही, आणि करूही नये.

शेठने चूक यूसुफचीच धरून त्याला गावी परत पाठवायचं ठरवलं. हात बरा व्हायला महिना गेला. त्या महिन्यात नझीर त्याला भरवायचा, कपडे घालायचा, पण तोंड उघडायची छाती झाली नाही. शेवटी शुवैखच्या धक्क्यावर, मुंबईची आगबोट समोर असताना, त्याने सगळं सांगून टाकलं. तेल, रोजा, गंज, अरबाबपुढे हललेली मान. "माज्यामुळं झाला, यूसुफ. तुजी काय चूक नव्हती."

वाऱ्यासाठी यूसुफने मफलर नाकापर्यंत ओढला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग काहीतरी बोलला. पुढे वाकला नाही, कानाला तोंड लावलं नाही, मफलरही खाली केला नाही. मफलरच्या आत ओठ हलत होते एवढंच नझीरला दिसलं. चार-पाच वाक्यं असावीत. मग तो थांबला, उत्तराची वाट बघत.

आणि नझीरने सवयीने मान हलवली.