आज पूर्ण आराम

सीझन चालू असला की आमच्याकडे फक्त टायमिंग जमतात. कोण किती सेकंदांनी सुधारला, कोण कुठे चौथा आला, बस्स. किस्से जमतात ते मार्च ते जून, म्हणजे पळणं बंद असतं तेव्हा. पळणाऱ्या माणसाला थांबायला सांगितलं की तो काय काय करतो, हे बघायचं असेल तर ब्राह्मणपुरीला या. मी इथे शाळेत पी.टी. शिकवतो आणि पहाटे पाटाच्या रस्त्यावर पोरं पळवतो. अठरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत माझी खात्री पटली आहे की पळायला शिकवणं सोपं, बसायला शिकवणं महाकठीण.

यंदा तर बसणं जास्तच गरजेचं होतं. वनिता पावरा, अक्कलकुव्याच्या वरच्या पाड्यातली, आमची तीन हजार मीटरची मुलगी. शहाद्याला नातेवाइकांकडे राहून शिकते. फेब्रुवारीत तिची नडगी दुखायला लागली. डॉक्टर म्हणाले, हाडाला बारीक चीर पडते आहे. पळणं बंद, भरपूर खाणं, जूनमध्ये पुन्हा दाखवा. भरलं तर जूनच्या निवड ट्रायलला पळेल, नाही भरलं तर हे वर्ष गेलं. आणि हे तिचं अठरा वर्षांखालच्या गटातलं शेवटचं वर्ष. ती सुट्टीला घरी निघाली तेव्हा मी तिला एकच गोष्ट दहा वेळा सांगितली: आराम कर आणि खा.

*

खा म्हणजे काय खा, यासाठी मी नेटवरून एक डाएट चार्ट काढला. रंगीत प्रिंट, वर पळणाऱ्या गोऱ्या बाईचा फोटो. ओट्स, ब्रोकोली, सामन मासा, आणखी काय काय. मोठ्या अभिमानाने मी तो ग्राउंडवर भटूआप्पांना दाखवला.

भटूआप्पा म्हणजे आमचे बिनपगारी मॅनेजर. एसटीत ड्रायव्हर होते, आता रिटायर आहेत. पहाटे पोरांच्या चपला आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळतात आणि न विचारता सल्ले देतात. त्यांनी चष्मा लावून चार्ट वरपासून खालपर्यंत वाचला.

"सर, हाऊ कागद कोना गावना शे?"

मग माझ्याच खिशातला पेन काढून त्यांनी एकेक ओळ खोडली. ओट्सच्या जागी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी. ब्रोकोलीच्या जागी मेथी, अंबाडी, जी मिळेल ती. सामनच्या जागी तापीचा मासा, न खाणाऱ्याला उडदाची डाळ. संध्याकाळच्या नाश्त्याला शेंगदाणे, गूळ आणि केळी. मला मनातून पटत होतं, पण चेहरा मी साहेबासारखा ठेवला होता. शेवटी त्यांनी रविवारच्या रकान्यात मोठ्या अक्षरात शेवभाजी लिहिली तेव्हा मात्र मी हरकत घेतली. तेल किती असतं आप्पा त्यात, तर्री बघितली आहे का?

"शेव कसानी ऱ्हास? हरभरानी. मंग?"

चार्टच्या झेरॉक्स निघाल्या त्या शेवभाजीसकट.

*

मयूर पाटील आमचा चारशे मीटरचा पोरगा. गावातलाच, घरी केळीचा बाग, आईचा लाडका. सुट्टीत सगळ्यांनी वहीत रोजचं खाणं आणि रोजचा व्यायाम लिहायचा, असा माझा नियम. मयूर अतिशय प्रामाणिक. बाकीची पोरं मला आवडेल ते लिहितात, हा खरं लिहितो.

मे महिन्यात लग्नसराई लागली आणि याची वही वाचण्यासारखी झाली. एका पानावर व्यायामाच्या रकान्यात लिहिलं होतं: "लग्नात आमरस वाढला. तीन पंगती." खाण्याच्या रकान्यात: "चौथ्या पंगतीत बसलो." पुढच्या पानावर पाच पंगती वाढल्या होत्या आणि शेरा होता, "आज वर्कआउट जड झाला."

तीन आठवड्यांत त्याच्या ट्रॅक पँटची नाडी पुरेनाशी झाली. त्याला घरी जाऊन चांगलं झापायचं ठरवून मी गेलो, तर त्याची आईच माझ्यावर दारात चालून आली. "सर, मन्हा पोऱ्या पार वाळी गया. काय ते चार्ट लावं तुम्ही त्याले!" मी आत डोकावलो. वाळलेला पोऱ्या खापरावरची पुरणपोळी खात होता. चहा घेऊन मी परत आलो.

*

वनिताचं मात्र सगळं वेळच्या वेळी. रोज संध्याकाळी तिचा मेसेज यायचा: "सर, आज पूर्ण आराम." एक दिवस चुकला नाही. मी तो बाकीच्या पोरांना वाचून दाखवायचो, शिस्त म्हणतात ती ही, वगैरे.

महिना झाला तरी नडगी दुखायची थांबेना. मला कळेना. शेवटी एका संध्याकाळी मेसेज आल्या आल्या मी फोन लावला. आवाजात धाप होती. विचारलं, कुठे आहेस?

"वर आहे सर."

"वर म्हणजे?"

"डोंगरावर. खाली पाड्यात रेंज नाही ना."

पाऊण तास चढण, पाऊण तास उतरण. रोज! आराम केल्याचं मला कळवण्यासाठी. मी कपाळावर हात मारला. आणखी खोदून विचारलं तेव्हा कळलं की पहाटे मोहाची फुलं वेचणं, दुपारी पाणी आणणं हेही चालूच होतं. त्यावर तिचं उत्तर एकदम सरळ होतं: "पण सर, पळाली नाही." तिच्या हिशेबात चालणं हे काम नव्हतंच. चूक तिची नव्हती, मी कधी नीट सांगितलंच नव्हतं. मेसेज बंद केले आणि तिच्या आईला निरोप दिला की पोरीला बसवा.

*

बसवलं. आता खाण्याचा प्रश्न. आप्पांनी घरी शेंगदाण्याचे लाडू करवून घेतले, मोठा स्टीलचा डबा भरला आणि अक्कलकुव्याच्या गाडीवरच्या जुन्या दोस्ताकडे दिला. आप्पांची एसटी ओळख म्हणजे कुरिअरच्या तोंडात मारेल. डबा दुसऱ्या दिवशी पाड्यात. परत आला तोही भरून, आमचुराने. आप्पा खूश. दुसरा डबा गेला, तिसरा गेला. प्रत्येक वेळी लाडू संपलेले, म्हणजे पोरगी खाते आहे.

दुखणं थांबेना म्हणून जूनची वाट न बघता मेच्या मध्यावरच ती तपासणीला शहाद्याला आली. दवाखान्यात वजन केलं. फेब्रुवारीपेक्षा कमी! डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. म्हणाले, हाड भरायला काही पोटात जायला नको का?

बाहेर येऊन मी तिच्यावर ओरडलोच. लाडू कुठे गेले? ती चपलेकडे बघत राहिली.

"घरात सगळ्यांनी खाल्ले सर. ते राबतात. मी तर बसूनच असते."

तिच्या घरी जो राबला तो आधी जेवतो, ही रीत. तिला वाटायचं पळत नाही, काम करत नाही, मग कशाला एवढं खायचं. जेवायला सगळ्यांच्या शेवटी बसायची आणि उरेल ते घ्यायची. तिच्या वयाचा असताना सुट्टीत मीही असाच अर्धपोटी राहायचो, पळणं नाही म्हणून. माझा गुडघा त्यातच कायमचा गेला. तिच्यावर ओरडलो याची मला फार लाज वाटली. बरोबर आलेले आप्पा तिला घेऊन समोरच्या हॉटेलात गेले आणि शेवभाजी मागवली. तिने अर्धी खाल्ली आणि उरलेली बांधून मागितली, घरी न्यायला.

*

वनिता जूनच्या ट्रायलला पळाली आणि निवडली गेली, हे आता सगळ्यांना माहीत आहे. पण किस्सा त्याच्या तीन आठवडे आधीचा.

तिच्या घराचं छप्पर शाकारायचं होतं. कौलं उतरवायची, वासे बदलायचे, कौलं पुन्हा चढवायची. घरात माणसं तीनच, त्यातली एक वनिता. मी म्हटलं, संपलं, ही आता कौलं वाहणार. पण तिच्या आईने लाह बोलावली. लाह म्हणजे सगळा पाडा मिळून एका घराचं काम करतो. मजुरी नाही, त्या दिवशीचं जेवण त्या घरचं.

मी, आप्पा आणि मयूर सकाळीच जीपने पोचलो. बघतो तर अंगणाच्या मधोमध मोहाच्या सावलीत खाट, खाटेवर वनिता, आणि तिच्या भोवती तीसएक माणसं राबत होती. ती दोनदा उठायला गेली. दोन्ही वेळा कुणी ना कुणी जाता जाता तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं. तिसऱ्यांदा ती उठली नाही, पण चेहरा असा की शिक्षा भोगते आहे. मयूर खरंच राबला. दुपारपर्यंत कौलं वाहून लाल झाला. आप्पा नेहमीप्रमाणे चपला सांभाळत होते.

दुपारी पंगत बसली. भाकरी, उडदाची डाळ, कोंबडी. वाढायला अर्थातच मयूर. पहिलं ताट पुन्याकाकांचं, कारण छप्पर त्यांनी बांधलं होतं. पाड्यात छपराचं काम तेच करतात, साठीच्या पुढचा माणूस सकाळपासून वाशांवर होता. वनिता लांब खाटेवरच. मी बोलावलं तर मान हलवून म्हणाली, नंतर बसते.

पुन्याकाकांनी ताट उचललं. मला वाटलं काहीतरी कमी पडलं. ते उठले, हळूहळू चालत खाटेपाशी गेले आणि ताट तिच्या मांडीवर ठेवलं. पंगतीकडे वळून पावरी बोलीत एवढंसं काहीतरी म्हणाले आणि परत येऊन रिकाम्या जागी बसले. पंगतीतल्या कुणीच अजून ताटाला हात लावला नव्हता.

मला पावरी येत नाही. मी वनिताला विचारलं, काका काय म्हणाले?

ती ताटाकडे बघत होती. तिने आधी भाकरी मोडली, डाळीत बुडवली, तोंडात घातली. मग सांगितलं.

"म्हणाले, आज हिला बसायचं काम दिलं होतं. हिनं केलं."