मायनस काढला की काय उरते

पुसदच्या बाजारात चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या जलालभाईंचा उभ्या आयुष्यात राग होता तो फक्त सातवीतल्या गणितावर. ऋण संख्या वजा केली की ती मिळवल्यासारखी होते, असं मारोतराव गुरुजींनी फळ्यावर लिहिलं आणि या पठ्ठ्यानं हात वर केला, "गुरुजी, काढून घेतल्यावर वाढते कसं?" गुरुजी म्हणाले, "नियम हाय, पाठ कर." पाठ होईना. गडी नापास झाला आणि वडिलांच्या हाताखाली काचा घासायला बसला. पण प्रश्न काही गेला नाही. चपलेतल्या खड्यासारखा टोचत राहिला.

गंमत बघा, नशिबी धंदा आला तोही मायनस-प्लसचाच! दुकानाच्या भिंतीवर एक काळी फुली काढलेली. कुणी जुना चष्मा आणला की जलालभाई त्यातून फुलीकडे बघत काच हलवायचे. काच नेली तिकडेच फुली सरकली तर मायनस, उलट पळाली तर प्लस. मग त्या काचेवर विरुद्ध नंबरच्या काचा एकेक करून धरायच्या, फुली हलायची थांबेपर्यंत. थांबली की दोघांचं मिळून शून्य. बेरीज त्यांच्या बोटांत होती. वजाबाकीची वेळच कधी आली नाही.

परवा अर्पिता तिच्या आजीला, तुळसाबाईंना, हाताला धरून दुकानात घेऊन आली. तुळसाबाईंचा डावा डोळा लहानपणीच देवीच्या साथीत गेलेला. उजव्याला मायनस सहा, तो चष्मा बारा वर्षांपूर्वी जलालभाईंनीच करून दिलेला, आताही तोच डोळ्यावर होता. त्याच उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आठवड्यापूर्वी झालं होतं.

"जलाल, डोळा गेला रे माहा," बसता बसताच त्या रडायला लागल्या. "एकच होता बापू. सारं धुकंच धुकं दिसून राह्यलं."

"डॉक्टर तं म्हणे ऑपरेशन चांगलं झालं," अर्पिता म्हणाली. "सोमवारी पुन्हा बोलावलं. पण हिनं तोवर जेवणच सोडलं, काका."

 डोळ्याच्या आतलं जलालभाईंना काय कळणार? त्यांना कळते ती काच. म्हणून त्यांनी डब्यातून काच काढली आणि म्हातारीच्या चष्म्यासमोर धरली. प्लस दोन. प्लस चार. धुकं पातळ होऊ लागलं. प्लस सहा धरली, तशा तुळसाबाई ओरडल्या, "थांब, थांब! क्यालेंडर दिसलं! तारीख बी दिसली!"

जलालभाई थबकले. मायनस सहावर प्लस सहा, म्हणजे शून्य. मग हिला लागतं तरी काय? शून्यच!

"मावशी, तुमचा चष्मा काढा बरं."

"ना बाबा! दवाखान्यात बजावून सांगतलं, चष्मा काढाचा नाही. तोंड धुतानी काढला तं बी मी डोळा मिटूनच ठेवतो."

अर्पितानं कपाळावर हात मारला. "अवं आजी, तो काळा चष्मा! तो तं तू दवाखान्यातून येतानी एस्टीतच विसरली!"

झालं असं, की डोळ्यात नवी काच बसवतानाच डॉक्टरांनी मायनस सहा मिटवून टाकला होता, आणि काळा चष्मा हरवला म्हणून ही माउली दिवसभर जुना मायनस सहा डोळ्यावर चढवून बसत होती.

जलालभाईंनी आपली प्लसची काच बाजूला ठेवली. पुन्हा धुकं. मग हलक्या हातानं तुळसाबाईंचा चष्मा उतरवला.

"आता?"

"तारीख दिसते! तशीच दिसते!"

"या अल्ला!" जलालभाई उभेच राहिले. "प्लस मिळवला काय नि मायनस काढला काय, एकच झालं की! काढल्यावर वाढते! अर्पिता, बेचाळीस वर्षं विचारून राह्यलो मी हे!" शेजारचा पानवाला डोकावून गेला. म्हाताऱ्याला आनंदानं वेड लागलं, असंच त्याला वाटलं असणार.

तुळसाबाईंचं गणिताकडे लक्षच नव्हतं. त्या टक लावून जलालभाईंच्या तोंडाकडे बघत होत्या.

"काहून रे जलाल, तुही दाढी कवा पिकली?"

जलालभाईंनी डोळे पुसले आणि म्हणाले, "गणितात, मावशी."